पलंगाखालचा ताजमहाल

२०२४ च्या दिवाळीपर्यंत आठ वर्षे आमच्या घरात ताजमहाल होता, असे सांगितले तर आपण हसाल. पण तो होता. आणि कुठे, तर माझ्या पलंगाखाली, एका जुन्या चादरीत गुंडाळलेला. आग्ऱ्याच्या ताजमहालाला यमुनेचा शेजार आहे. आमच्या ताजमहालाच्या एका अंगाला माझी ट्रंक होती, दुसऱ्या अंगाला लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, आणि चारी कोपऱ्यांना डांबराच्या गोळ्या.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, मी काही हौशी किंवा उधळ्या माणूस नव्हे. छत्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली. शेअरबाजाराची पायरी मी कधी चढलो नाही. मुदत ठेव हीच माझी कुलदेवता. तिची पावती कपाटात देवाच्या पोथीखाली ठेवावी, मुदत भरली की नूतनीकरण करावे, आणि मध्येच मोडण्याचा विचारही मनात आणू नये, या शिस्तीत मी वाढलो आणि निवृत्तही झालो. असा माणूस खेळण्याच्या नादी लागला, तोही साठी उलटल्यावर. ही त्याची हकीकत.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एका रविवारी त्यांच्या एका स्नेह्याकडे जेवायला जाणे झाले. जेवणानंतर यजमान मला तळघर दाखवायला घेऊन गेले. पाहतो तो भिंतीला लागून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर खेळण्यांच्या पेट्या! सगळ्या कोऱ्या करकरीत, एकीचेही सील फोडलेले नाही.

मी कौतुकाने विचारले, "मुलं किती आपल्याला?"

ते म्हणाले, "मुलं नाहीत."

मी गप्प बसलो. पण त्यांनी जे सांगितले ते ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. ही खेळणी लेगोची. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे एक सुतार, ओले कर्क ख्रिस्तियान्सन, यांनी १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. दोन वर्षांनी त्यांनी धंद्याला नाव दिले ते 'लेग गोट' या दोन डॅनिश शब्दांवरून. अर्थ इतकाच, की 'छान खेळ.' पुढे प्लॅस्टिकच्या विटा आल्या. एकीच्या डोक्यावर दुसरी घट्ट बसवणाऱ्या आजच्या रचनेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवरही बिनचूक बसते. एखादा संच कंपनी दोनतीन वर्षे काढते आणि मग बंद करते. बंद झाला, की खरा खेळ सुरू. मुले पेट्या फोडतात, तुकडे हरवतात, आया खोकी रद्दीत घालतात. आणि ज्याच्याकडे न फोडलेली पेटी उरते, तिची किंमत चढत जाते.

"हा पाहा," म्हणून त्यांनी एक भलीमोठी पेटी पुढे ओढली. वर ताजमहालाचे चित्र. २००८ साली निघालेला संच, ५,९२२ तुकडे, तेव्हाची किंमत २९९ डॉलर ९९ सेंट. आणि २०१६ साली न फोडलेल्या पेटीला दोन हजार डॉलरांच्या वर भाव!

मी मनातल्या मनात चक्रवाढ व्याज लावून पाहिले. आठ वर्षांत जवळजवळ सातपट! माझ्या कुलदेवतेने आठ वर्षांत दुप्पटसुद्धा करून दिले नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता यातला नाजूक भाग. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा जुन्या कडप्प्याचा. त्याला मोरीकडच्या बाजूला तडा गेलेला, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. नवा ग्रॅनाइटचा ओटा करायचा म्हणून सौ.ने आपल्या शिकवण्यांचे पैसे वर्षानुवर्षे साठवले होते. त्याची एक ठेव नुकतीच पिकली होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या ओट्याचे पैसे दे. दोन वर्षांत दुप्पट करून देतो. ओटा होईल, वर खिडक्यांना जाळ्या होतील."

ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्ही कधी पैज लावली नाहीत. आता खेळण्यावर लावता?"

"पैज नव्हे, गुंतवणूक."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' कोणत्या सुरातले होते ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. पण दोन हजार डॉलर मोजून एका गृहस्थाकडून पेटी आणून दिली. ती तिथेच ठेवायला मात्र सूनबाई कबूल होईनात. चार वर्षांची नात घरात. पेटी एक दिवस शाबूत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि माल आपल्या नजरेसमोर हवा, हे माझे म्हणणे. तेव्हा पेटीला कापडी गवसणी शिवून आम्ही ती मुंबईला घेऊन आलो. विमानतळावरच्या कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारले, "यात काय आहे?"

मी म्हणालो, "ताजमहाल."

"अमेरिकेहून आणलात?" त्याने माझ्याकडे फार वेळ पाहिले. मी पावती पुढे केली. पन्नास हजारांपर्यंत सूट, वरच्या रकमेवर ३६ टक्क्यांहून थोडा अधिक कर. सुमारे तीस हजार रुपये भरून मी बाहेर पडलो. बाजार भारताबाहेर आणि माल पलंगाखाली, यात काही चुकते आहे असे तेव्हा वाटायला हवे होते. वाटले नाही.

पुढचे वर्ष मोठ्या सुखाचे गेले. सकाळी चहाबरोबर मी भाव पाहत असे. खोक्याला कसर लागू नये म्हणून गोळ्या बदलत असे. या व्यापारात आतल्या वस्तूइतकाच मान खोक्याला. कोपरा दबला की किंमत उतरली. घरात केरसुणी फिरवायलासुद्धा पलंगाखाली बंदी होती.

आणि २०१७ च्या नोव्हेंबरात ती बातमी आली. कंपनीने ताजमहाल पुन्हा काढला. तोच आकार, तेच मिनार. किंमत ३६९ डॉलर ९९ सेंट, तुकडे ५,९२३. म्हणजे माझ्यापेक्षा बरोबर एक जास्त! तो जादा तुकडा माझ्याच काळजाचा असावा. कोणाही मुलाला चारशे डॉलरांच्या आत मिळणाऱ्या खेळण्यासाठी मला दोन हजार कोण देणार? भाव धडाधड कोसळला. यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. खेळणी काढणे हा तिचा धंदा. ती कधीच पुन्हा काढणार नाही, असा शब्द तिने मला दिला नव्हता. तो मीच मला दिला होता.

सौ. काही बोलली नाही. त्या दिवशी तिने पोळ्या नेहमीप्रमाणे तडा गेलेल्या ओट्यावर लाटल्या, इतकेच.

२०१८ च्या दिवाळीला चिरंजीव सहकुटुंब पुण्याला आले. नात सहा वर्षांची. सोसायटीच्या अंगणात मुलांचा किल्ला चालला होता. विटा, दगड, गोणपाट, वर चिखलाचा लेप, त्यावर हळीव पेरलेले, आणि शिखरावर मातीचे मावळे. नात चार दिवस चिखलात बुडालेली. पाचव्या दिवशी चेंडू शोधायला ती माझ्या पलंगाखाली शिरली आणि ओरडली, "आजोबा, इथे किती मोठं खेळणं आहे!"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नवा वाटला.

"का?"

"उघडलं तर किंमत जाते."

"मग ते कोण उघडणार?"

"जो विकत घेईल तो."

तिने जरा विचार केला. "आणि त्याने पण नाही उघडलं तर?"

मी तिला चेंडू काढून दिला आणि बाहेर पाठवले. संध्याकाळी पाऊस आला आणि किल्ल्याचा एक बुरूज वाहून गेला. मुले रडली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा लिंपला.

पुढे २०२२ साली चिरंजीवांनी माझ्या समाधानासाठी एक शोधनिबंध पाठवला. मॉस्कोच्या एका विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या दोन हजारांहून अधिक संचांच्या किमती तपासल्या होत्या. सरासरी वाढ वर्षाला सुमारे ११ टक्के. म्हणजे तळघरवाले गृहस्थ वेडे नव्हते. पण त्याच निबंधात असेही होते, की काही संच अनेक पटींनी वाढले आणि काहींची निम्मी किंमत गेली. सरासरी ज्याच्याकडे फळ्या भरून पेट्या आहेत त्याच्यासाठी. ज्याच्याकडे एकच पेटी आहे, त्याच्या घरी सरासरी येत नाही.

वाचता वाचता मला आणखी एक गोष्ट उमगली. माझ्या पेटीची किंमत मी वाढवत नव्हतोच. ती वाढवायची दुसऱ्यांच्या मुलांनी, आपापल्या पेट्या फोडून. जगातल्या सगळ्यांनीच माझ्यासारखी पेटी पलंगाखाली ठेवली, तर भाव कसला वाढणार? मी दुसऱ्यांच्या खेळावर व्याज खाऊ पाहत होतो.

२०२४ च्या सप्टेंबरात मुंबईचा एक संग्राहक तरुण पेटी पाहायला आला. भाव थोडा सावरला होता. त्याने विजेरी लावून चारही कोपरे पाहिले, सील पाहिले आणि सत्तर हजार देऊ केले. अर्धे पैसे का होईना, ओटा तर झाला असता. सहज म्हणून मी नातीचा प्रश्न त्याला केला, "तुम्ही उघडणार ना?"

"काका," तो हसला, "उघडायला कोण घेतं?"

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात नवरात्र लागले. नात दिवाळीला येणार म्हणून सौ.ने ट्रंकेतून माझ्या आईचा शालू काढला. आईने तो लग्नानंतर दोनदा नेसला असेल. "चांगल्या प्रसंगाला असू दे," म्हणून मलमलीत गुंडाळून ठेवलेला. आमच्या घरात चांगले ते सगळे असेच ठेवलेले असे. पाहुण्यांची कपबशी, पाहुण्यांची चादर, काचेच्या कपाटातली सावंतवाडीची लाकडी खेळणी, जी मी लहानपणी फक्त पाहिली. शालूचे नातीला परकर-पोलके शिवावे असे सौ.च्या मनात. तिने घडी उलगडली आणि शालू घडीघडीवर फाटत गेला. ओढला नाही, ताणला नाही; नुसता उलगडला. जर तशीच झळकत होती. रेशीम मात्र संपले होते.

आम्ही दोघे बराच वेळ पलंगावर बसून होतो. आमच्या पायांमागे ती पेटी.

मग सौ. उठली आणि स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली. "काढा ती बाहेर."

"अगं, सत्तर हजार..."

"पैसे माझे होते ना? मग पेटी माझी," ती म्हणाली आणि तिने सील कापले.

तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर ताजमहाल उभा राहत होता. आम्ही जेवत होतो ओट्याशी, उभ्याने. सौ. सुपात तांदूळ निवडावे तसे पांढरे तुकडे निवडून वाट्यांत घालायची. मी चष्मा सावरत पुस्तिका वाचायचो. आम्ही भांडलोही खूप. इतक्या वर्षांच्या संसारात रोज सलग दोन तास एका कामाला आम्ही एकत्र बसलो नव्हतो.

दिवाळीला नात आली. बारा वर्षांची, उंच, हातात फोन. तिने एका दृष्टिक्षेपात घुमटाची एक चूक काढली. रात्री आजीकडून तिने सगळी हकीकत ऐकून घेतली, ओट्याचीसुद्धा. सकाळी पाहतो तो एक मिनार गायब! मी ओरडणार, तोच ती स्वयंपाकघरातून आली. हातावर एवढासा पांढराशुभ्र ओटा. त्याला शेगडी, बाजूला मोरी, कुठे टवका नाही.

"घे आजी," ती म्हणाली.

सौ. हसली आणि पदराने डोळे टिपत तो तिने खऱ्या ओट्यावर, तड्याच्या शेजारी ठेवला.

आमच्या ताजमहालाला अजून मिनार तीनच आहेत. तो दिवाणखान्यात आहे, येणारी मुले त्याला हात लावतात. मी मात्र त्या भाऊबिजेनंतरच्या सोमवारी कपाट उघडले, पोथीखालची पावती काढली आणि बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने सांगितले, "आजोबा, मुदतीला अजून सात महिने आहेत. आता मोडलीत तर व्याज कमी मिळेल."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मोडा."