वाशीम ते कोडाईकनाल : दोघांचा संथ प्रवास

साठीच्या आसपास पोहोचलेली जोडपी दवाखान्यात आली की तपासणी आटोपल्यावर अनेकदा एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टरसाहेब, आम्ही दोघांनी मोटारीने लांबच्या प्रवासाला जावे का?” एकाला रक्तदाब असतो, दुसऱ्याला मधुमेह, कोणाचे गुडघे कुरकुरतात, कोणाला घाटात मळमळते. बहुतेकांना माझे उत्तर ‘अवश्य जा’ असेच असते. मात्र कसे जावे, हे सांगण्यास दवाखान्यातील पाच मिनिटे पुरत नाहीत. गेल्या फेब्रुवारीत मी व पत्नी वाशीमहून हैदराबाद, बंगळूर, तिरुचिरापल्ली आणि तंजावर ही शहरे करीत कोडाईकनालच्या डोंगरवाटांपर्यंत जाऊन आलो. सोळा दिवसांच्या त्या प्रवासाच्या आधारे हे उत्तर आज सविस्तर लिहीत आहे.

माझे वय सत्तावन्न, रक्तदाबाची गोळी आठ वर्षांपासून सुरू. पत्नी चोपन्न वर्षांची, तिच्या गुडघ्यांची झीज सुरू झालेली. आमच्यासारख्या जोडप्यांना प्रवासात सर्वाधिक धोका कशाचा? आजाराचा नव्हे, तर मौनाचा. सोबत्याचा विरस होऊ नये म्हणून पत्नी गुडघ्याची कळ लपवते आणि पतीला धाप लागली तरी तो ‘काही नाही, चल’ म्हणतो. दोघेही प्रेमापोटीच गप्प राहतात आणि त्रास उघडकीस येतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही एक करार केला : दोघांपैकी कोणीही ‘बस’ म्हटले की दोघांनीही थांबायचे. कारण विचारायचे नाही, आग्रह करायचा नाही आणि नंतर त्यावरून बोलून दाखवायचे नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

आमच्या घरी माझी ब्याऐंशी वर्षांची आई आहे. पक्षाघातानंतर सहा वर्षांपासून तिची शुश्रूषा प्रामुख्याने पत्नीच करते. या सहा वर्षांत पत्नी सलग दोन रात्रीही घराबाहेर राहिली नव्हती. ‘आईंना सोडून कसे जाऊ?’ हा तिचा प्रश्न अनेक वाचकांच्या ओळखीचा असेल. पण शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीलाही विश्रांती लागते. ती मिळाली नाही तर तिची झोप, पाठ आणि मन तिन्ही थकतात आणि अखेर त्याची झळ रुग्णालाच पोहोचते. धाकटा भाऊ व भावजय पंधरवड्यासाठी राहावयास आले. पत्नीने आधी चार दिवस जाऊबाईंना सोबत घेऊन कूस बदलणे, भरवणे आणि औषधे देणे प्रत्यक्ष करून दाखवले. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर लावल्या. रोज सायंकाळी सात वाजता एकदाच फोन करायचा, असे ठरले. दिवसभर पुनःपुन्हा फोन केल्याने घरच्यांचीही धांदल होते आणि जाणाऱ्याचे मनही घरातच अडकून पडते.

शरीराची तयारी सहा आठवडे आधी सुरू केली. प्रथम रोज वीस मिनिटे व पुढे वाढवीत पाऊण तास चालणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे आणि घरचा जिना सावकाश चढणे-उतरणे, एवढाच हा व्यायाम. निघण्यापूर्वी एक महिना माहूरला जाऊन रेणुकादेवीच्या पायऱ्या चढून आलो. आपल्या भागातील लोकांसाठी ही चांगली कसोटी आहे. पायऱ्या चढताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, तर वेग योग्य आहे असे समजावे. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग कमी करावा.

नद्या ओलांडत दक्षिणेकडे

वाशीम हे एके काळचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आता अकोल्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर असा जात तेलंगणातील संगारेड्डीला पोहोचतो. तेथून हैदराबाद जवळच आहे. पुढे महामार्ग ४४ कर्नूल, अनंतपूरमार्गे बंगळूरला नेतो. या वाटेवर नांदेडला गोदावरी, मग कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा आणि तामिळनाडूत कावेरी लागते. लहानपणापासून स्नानाच्या वेळी ज्यांची नावे घेतली, त्यांपैकी काही नद्या प्रत्यक्ष ओलांडताना ज्येष्ठांना वेगळेच समाधान लाभते.

एका दिवशी सुमारे ४०० किलोमीटरपेक्षा अधिक जायचे नाही आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे दोन नियम आम्ही पाळले. हैदराबाद ते बंगळूर हे अंतर सुमारे ५७० किलोमीटर आहे, म्हणून कर्नूलला मुक्काम केला. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटे चालत असू. तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्याने पोटरीतील रक्तप्रवाह मंदावतो व रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. स्थूल व्यक्ती, कर्करोगाचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले व पूर्वी गुठळी झालेले यांनी याविषयी विशेष दक्ष राहावे. बसल्या जागी पावले वर-खाली हलवणे हाही सोपा उपाय आहे.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल की नाही, या चिंतेने अनेक जणी पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठ आणि लघवीचा जंतुसंसर्ग उद्भवतो. मोठ्या पेट्रोलपंपावर अथवा बऱ्या उपाहारगृहात थांबण्याचे आधीच ठरवावे आणि पाणी नियमित प्यावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

गोवळकोंड्यावरील पहिले ‘बस’

हैदराबादला चारमिनार खालूनच पाहिला. १५९१ मध्ये बांधलेल्या त्या वास्तूच्या अरुंद, वळणावळणाच्या पायऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. गोवळकोंडा मात्र चढून पाहायचा होता. दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरास म्हणजे याच हैदराबादेस आले होते व कुतुबशहाशी त्यांची भेट झाली होती. त्यामुळे मराठी माणसाला या परिसराची ओढ वाटते. किल्ल्याच्या फतेह दरवाज्याखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, हे प्रसिद्धच आहे.

शिखरावरील बारादरीपर्यंत सुमारे ३६० पायऱ्या आहेत. सकाळी लवकर चढू लागलो. रामभक्त रामदास यांना जेथे बंदिवासात ठेवले होते, ती कोठडी वाटेतच लागते. तेथे विसावलो असता पत्नी म्हणाली, “अहो, माझे इथेच बस.” शिखर दिसत होते आणि मलाही वर जाण्याची इच्छा होती. ‘तू बस, मी जाऊन येतो’ असे म्हणणे सोपे होते. पण करार दोघांचा होता. आम्ही अर्धा तास सावलीत बसलो, सोबतचे शेंगदाणे व खजूर खाल्ले आणि उतरू लागलो. उतरताना तिचा हात माझ्या हातात होता. शिखर राहून गेल्याचे दुःख मला खालच्या दरवाज्यापर्यंतही पुरले नाही.

पुष्कळांना वाटते, चढणे कठीण व उतरणे सोपे. हृदय आणि फुप्फुसांपुरते ते खरे आहे, पण गुडघ्यांच्या बाबतीत उलटे आहे. उतरताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. म्हणून थकवा येण्यापूर्वीच परतावे. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. कठडा असेल तर तो धरावा आणि नसेल तर काठी घ्यावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात असावी.

तंजावर : आपल्या भाषेची भेट

बंगळूरला लालबागेच्या सावलीत एक दिवस विसावलो आणि तिरुचिरापल्लीला गेलो. तेथील खडकावरील गणपतीच्या मंदिरास चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. आम्ही त्याऐवजी कावेरीच्या बेटावरील श्रीरंगमचे विस्तीर्ण, सपाट आवार निवडले. तेथून तंजावर अवघ्या तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झाले. विमानाची उंची सुमारे ६६ मीटर आहे. या मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरलेला आहे. घरापासून तेराशेहून अधिक किलोमीटरवर आपली भाषा दगडावर भेटते, तेव्हा पाय आपोआप थबकतात. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात येथे स्थापन केलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले.

याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) वैद्यकीय व्यवसायातील प्रत्येकाला आदरणीय वाटावेत असे आहेत. त्यांनी धन्वंतरी महाल ही औषधी संशोधनाची संस्था उभारली. मोतीबिंदूसह डोळ्यांच्या विकारांवर तेथे उपचार होत. रुग्णांच्या तपशीलवार नोंदी, काहींसोबत डोळ्यांची चित्रेही, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. दोन शतकांपूर्वी रुग्णाची अशी नोंद ठेवली जात असे. आज आपण साधी जुनी चिठ्ठीही जपून ठेवत नाही.

मधुमेहींसाठी येथे एक सूचना आहे. मंदिरात अनवाणी जावे लागते आणि उन्हात तेथील दगडी फरशी फार तापते. पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका जाणवत नाही, सायंकाळी थेट फोडच दिसतो. अशांनी सकाळी लवकर जावे, जाड मोजे घालावेत आणि रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर सोबत्याने पाहावेत.

कोडाईकनालच्या पायवाटा

समुद्रसपाटीपासून जेमतेम काही दशक मीटर उंचीवरील तंजावरहून २१०० मीटरहून उंच कोडाईकनालला आम्ही एका दिवसात पोहोचलो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे, यावरून या उंचीची कल्पना यावी. पर्यटकांच्या वाहनांना २०२४ पासून येथे ई-पास लागतो. तो निघण्यापूर्वी मुलाकडून अथवा नातवाकडून ऑनलाइन काढून घ्यावा.

बटलगुंडूनंतरचा घाट सुमारे ५० किलोमीटरचा आहे. मळमळणाऱ्याने पुढच्या आसनावर बसावे, आधी हलके खावे व नजर दूर रस्त्यावर ठेवावी. मळमळीच्या काही गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, तर प्रोस्टेटच्या रुग्णांची लघवी अडू शकते. त्यामुळे त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या उंचीवर निरोगी माणसास सहसा त्रास होत नाही. परंतु हृदय कमकुवत असलेले, दम्याचे वा फुप्फुसाच्या विकाराचे तीव्र रुग्ण, रक्त फार कमी असलेले आणि आपल्या विदर्भात आढळणारे सिकलसेलचे रुग्ण यांनी तपासणी करूनच जावे. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर कोकर्स वॉकवर गेलो. कड्याच्या काठाने जाणारी ही सुमारे एक किलोमीटरची बांधीव वाट १८७२ मधली आहे. पायऱ्यांची दगदग न करता दरीचे दर्शन घडवणारी अशी वाट ज्येष्ठांसाठी उत्तम. तळ्याभोवतीचा फेरा सुमारे पाच किलोमीटरचा, बहुतांशी सपाट आहे आणि वाटेत कोठेही थांबता येते. आम्ही तो दोन दिवसांत अर्धा-अर्धा केला.

तिसऱ्या दिवशी वट्टकनालहून ‘डॉल्फिन्स नोज’ या कड्याकडे निघालो. झाडांच्या मुळांवरून जाणारी ही पायवाट जाताना उताराची व येताना चढाची आहे. डोंगरातील अशा वाटा फसव्या असतात. जाताना शरीर तक्रार करीत नाही आणि सगळे कष्ट थकलेल्या वेळेसाठी शिल्लक राहतात. निम्म्या वाटेवर मी घड्याळ पाहिले, वरचा चढ पाहिला आणि म्हणालो, “बस.” पत्नीने कारण विचारले नाही. कडा पाहिलेल्या एका तरुण जोडप्याने परतताना आम्हांला छायाचित्र दाखवले, ते आम्ही आनंदाने पाहिले.

त्या सायंकाळी सात वाजता फोन केला तेव्हा जाऊबाईंनी सांगितले, आईने पेज घेतली व तिसरा प्रहरभर त्यांच्याशी गप्पा मारल्या. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वर्षातून एकदा जाऊबाईंनी यावे आणि एकदा त्यांनीही कुठे जावे, तेव्हा मी दोन्ही घरे पाहीन.”

प्रवासाला निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

• औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. औषधाच्या मूळ नावासह लिहिलेली चिठ्ठी जवळ असावी, कारण दुसऱ्या राज्यात आपला ब्रँड मिळेलच असे नाही.

• इन्सुलिन गाडीच्या डिकीत अथवा उन्हात ठेवू नये. थंडावा राखणाऱ्या पिशवीत जवळ बाळगावे, मात्र बर्फाला थेट लागू देऊ नये.

• मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर वा गोंधळ जाणवल्यास तत्काळ साखर अथवा ग्लुकोज घ्यावे.

• छातीवर दडपण, बसल्या जागी धाप, भोवळ किंवा एकाच पायावर सूज व वेदना ही थांबून पाहण्याची लक्षणे नव्हेत. १०८ अथवा ११२ वर फोन करावा.

• सत्तरी ओलांडलेल्यांनी रोजचे अंतर २०० ते २५० किलोमीटर ठेवावे व प्रत्येक दोन दिवसांच्या प्रवासानंतर एक दिवस विश्रांती घ्यावी.

• ‘बस’चा करार घरूनच करून निघावे आणि पहिल्यांदा तो शब्द कोणी उच्चारला, याचा हिशेब ठेवू नये.