निवृत्त जादूगार

साठी उलटलेल्या माणसाने जादूगारांच्या कादंबऱ्या वाचाव्यात की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी आणि दहावीतली नात. दुसऱ्यात आमची ही. पक्ष एकटीचा असला तरी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असल्यामुळे तो नेहमी बलिष्ठ ठरतो!

या सुटीत नातीने उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अर्थसी' ही कादंबरीमाला माझ्या हाती ठेवली. लहानपणी नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने माझी झोप उडवली होती. त्यामुळे ही वाट आपल्या पायाखालची आहे, अशा ऐटीत मी पहिले पान उघडले.

पहिला भाग १९६८ सालचा. नायक गेड हा गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा सावळा पोरगा. या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता चालते. गेड जादूची विद्या शिकतो, बढाईच्या भरात एक काळी सावली जगात सोडतो आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. १९७२ सालच्या तिसऱ्या भागात तो जादूगारांचा मुख्य झालेला असतो. मृतांच्या प्रदेशात जाऊन, जगाची शक्ती जिथून गळत असते ते दार तो बंद करतो. पण त्या कामी त्याचे सारे सामर्थ्य खर्ची पडते.

"मालिका इथेच संपायला हवी होती, आजोबा," नातीने निकाल दिला. "चौथ्या पुस्तकात काही घडतच नाही."

ते चौथे पुस्तक, 'टेहानू', लेखिकेने १९९० साली, म्हणजे अठरा वर्षांनी लिहिले. त्यात गेड घरी परततो, पण रिकाम्या हातांनी. नव्या राजाची माणसे त्याला सन्मानाने न्यायला येतात, तेव्हा हा एवढा मोठा पुरुष लाजेने लपून बसतो आणि डोंगरावर पुन्हा शेळ्या राखायला जातो.

त्या पानावर मी पुस्तक तीनदा मिटले.

छत्तीस वर्षे मी हिशेब खात्यात काढली. कोणती फाइल कोणत्या कपाटात आहे, हे मला विचारल्याशिवाय तिथले पान हलत नसे. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पुढच्याच दिवाळीत ऑफिसच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण आले. इस्त्रीचा शर्ट चढवून मी बसथांब्यापर्यंत गेलो, दोन बसगाड्या सोडल्या आणि परत आलो. घरी सांगितले, कार्यक्रम रद्द झाला. आजवर ही गोष्ट मी कोणाला बोललो नाही.

इतर मालिकांत भागागणिक नायकाचे बळ मुदतठेवीच्या व्याजासारखे वाढत जाते. इथे मुद्दलच संपते आणि लेखिका ते कोणत्याही चमत्काराने परत देत नाही. पुस्तकात दोष नाहीत असे नाही. त्यातले दुष्ट एकजात दुष्ट आहेत आणि मधली काही प्रकरणे रेंगाळतात. पण बळ गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे विचारण्याचे धाष्टर्य मला दुसऱ्या कोणत्या अद्भुतकथेत आढळले नाही. गेड तेनार या शेतकऱ्याच्या विधवेच्या घरी राहतो, भाजून विद्रूप झालेल्या एका पोरीला माया लावतो. २००१ सालच्या शेवटच्या कादंबरीत एक पाहुणा त्याला शोधत येतो, तेव्हा हा महाजादूगार शिडीवर चढून झाडाची फळे काढत असतो! त्याला त्याची लाज उरलेली नसते. मला वाटते, त्याची सर्वांत अवघड विद्या हीच.

तेनारचा मुलगा स्वतःची ताटली विसळायला तयार नसतो, हा प्रसंग मी हिला मुद्दाम वाचून दाखवला.

"यात जादूचं काय आहे?" ही म्हणाली. "आमच्या घरी तर छत्तीस वर्षं असंच चाललंय."

त्या रात्री माझे ताट मी विसळले.

यंदाचे निमंत्रण कालच आले. शर्ट इस्त्रीला टाकला आहे. बसथांब्यावरून परतलोच, तर कार्यक्रम रद्द झाल्याची सबब आता चालायची नाही. कारण हा अंक आमच्या घरी सर्वांत आधी हीच वाचते.