उजनीवरच्या लाँचचे इंजिन

लाँचच्या डिझेल इंजिनाचे ओव्हरहॉलिंग म्हणजे ते पुरते खोलून, झीज मोजून, गेलेले भाग बदलून पुन्हा बांधणे. सोलापूर जिल्ह्यात या कामाची जागा म्हणजे उजनीचा काठ. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा व इंदापूर तालुक्यांतली गावे यशवंतसागर या त्याच्या जलाशयाच्या दोन काठांवर समोरासमोर आली. करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून पलीकडे जायचे तर रस्त्याने मोठा वळसा, लाँच मात्र जवळची. भर पाण्यात वारा सुटावा आणि त्याच वेळी इंजिन बंद पडावे, असे कधीही होता कामा नये.

उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण ‘मायनस’मध्ये जाते, पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते. पावसाळी वारे सुरू होण्याआधीचा हा काळ इंजिन खोलायला योग्य.

आधी तेल काढावे आणि थोडे बोटांत चोळून पाहावे. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. चकाकते कण लागले तर बेअरिंग झिजले आहे. हेड उतरले की सिलिंडरच्या लायनरच्या वरच्या टोकाशी नखाला एक कड अडते. पिस्टनची वरची रिंग तिथवरच पोचते, म्हणून कडेच्या वर मूळ माप उरते आणि खाली झीज दिसते. पण नखावर विसंबू नये. लायनर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजावा, कारण तो लंबगोल झिजतो. नवी रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने पाहावी. 100 मिमी बोअरला साधारण 0.3 ते 0.4 मिमी फट ठेवतात. ती कमी असेल तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग लायनर ओरबाडते.

वॉल्व्ह पेस्ट लावून घासताना सीटवर सलग करडा पट्टा उमटायला हवा. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतावे. ते पाझरले तर पुन्हा घासणे आले. हे वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मोटारींच्या इंजिनांसाठी सोलापुरातच घडतो. 1992 मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल परदेशी जातो, ही या शहराची मोठीच कमाई.

उजनीचे पाणी गोडे, त्यामुळे समुद्रावरचा खारा गंज इथे नाही. गाळ आणि जलपर्णी मात्र आहे. पाण्याचा पंप आणि जाळी साफ करणे टाळू नये.

इंजिन बांधून झाले की शाफ्टचे कपलिंग जुळवायचे, आणि तेही लाँच पाण्यावर तरंगत असताना. जमिनीवर टेकलेला सांगाडा पाण्यात किंचित आकार बदलतो. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट चारही बाजूंना मोजावी. 100 मिमी व्यासाला 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक नको. त्यानंतर डिझेलच्या नळीतली हवा काढून इंजिन सुरू करावे.

पहिले काही तास अर्धाच भार द्यावा, मग तेल बदलून टॅपेट पुन्हा तपासावेत. तोवर लाँचमालकांनी एकही प्रवासी घेऊ नये.