वंशाचा दिवा

‘वंशाचा दिवा’ या पदवीसाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. मुलगा म्हणून जन्मास आले की पुरते. जळगावात मीही या पदवीवर लहानाचा मोठा झालो. आमच्या घरच्या वंशवृक्षात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. त्यांना जन्म देणारी बाई मात्र एकही नाही!

आमचे आजोळ गावातलेच. धुळ्याची मावशी आखाजीला माहेरी येई, आम्हां मुलांना मांडीवर घेऊन झोके घेई. तिला मूल नव्हते. शेजारी डोहाळजेवण असले, की तिला बोलावणे नसे. नवस, उपास, काढे सारे तिनेच केले. काकांना तपासावे, हे कोणाला सुचलेच नाही.

पुढे या विषयावरचे वाचू लागलो आणि मोठी गंमत कळली. स्त्रीबीज जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे. त्यात शुक्रजंतू शिरला म्हणजे काम झाले, असे नव्हे. झोपलेल्या बीजाला जागे करावे लागते. ते काम शुक्रजंतूबरोबर आलेले ‘पीएलसी-झीटा’ नावाचे प्रथिन करते. २००२ साली वेल्समधील कार्डिफच्या शास्त्रज्ञांनी ते उजेडात आणले. त्याच्यामुळे बीजातल्या कोठारांतून कॅल्शियम सुटते, ओसरते, पुन्हा सुटते. अशा लाटा कित्येक तास चालतात. तेव्हा कुठे गर्भाची वाटचाल सुरू होते.

काही पुरुषांत हे प्रथिनच सदोष असते. मग बीज धडधाकट असूनही जागे होत नाही. काकांचे असेच होते, असे मी म्हणत नाही. पण तपासल्यावाचून दोष मावशीच्याच पदरी का?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आता बीज झोपूनच राहिले, तर प्रयोगशाळेत औषधाने कॅल्शियमची लाट उठवण्याचाही प्रयत्न करतात. मावशीचे केस मात्र १९८६ सालीच पिकलेले होते.

सुटलेले कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावयास शक्ती लागते. ती पुरवतात मायटोकाँड्रिया. पेशीतल्या चुलीच म्हणा ना! कॅल्शियमची लाट आली, की या चुली अधिकच फुलतात. मानवी बीजात त्या लाखाच्या घरात असतात. शुक्रजंतूच्या मोजक्याच, त्याही आत गेल्यावर नष्ट होतात. म्हणजे माझ्या पेशींतला विस्तव आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा!

मावशीचा आणि माझा विस्तव एकच, आजीकडून आलेला. माझ्या मुलांना तो मिळाला नाही. त्यांना त्यांच्या आईचा मिळाला. वंशाचा दिवा म्हणवणाऱ्या माझ्यापाशी तो थांबला आणि बहिणीच्या मुलीकडे पेटता राहिला. मग खुंटलेली म्हणावी ती एकट्या मावशीलाच का?

यंदा मी एक नवा कागद घेतला. त्यावर आजी, आई, मावशी, बहीण आणि भाची यांची नावे लिहिली, आणि तो जुन्या वंशवृक्षाशेजारी टांगला आहे.