विहीर आणि नवा गुडघा

गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आधी मांडीत बळ आणा. जमिनीवर कळ यायची. पण विहिरीच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार निम्म्याहून कमी होतो. तिथं महिनाभर पाय हलवले. नातवाचा हात मात्र धरला नाही. पट्टीचा पोहणारा ना मी!

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी उभं केलं. पाणी बंद. कच्च्या जखमेला विहिरीचं पाणी लागून सांध्यात पू झाला, तर नवा सांधाही काढावा लागू शकतो. मग खाटेवर टाच सरकवत गुडघा वाकवायचा, गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी दाबून पाच अंक मोजायचे. फार कंटाळा यायचा.

तीन महिन्यांनी होकार मिळाला. उडी नको, बेडकासारखे पाय मारणं नको. पायऱ्या उतरताना नातवानं पुन्हा हात पुढं केला. या खेपेला धरला.