सांगितलंस ते बरं केलंस

कोपरी, ठाणे पूर्व
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. बेबीस,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. गेम खेळताना कुणा अनोळखी माणसाने तुझ्या चिऊकडे फोटो मागितला. तिने गेम बंद केला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन तुला सांगितलं. तू तिच्यावर ओरडलीस, फोन कपाटात ठेवून कुलूप घातलंस आणि मला विचारलंस, "बरोबरच केलं ना?" मला लगेच उत्तर देववलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बारा वर्षांच्या मुलीने करावं ते सगळं चिऊने केलं. ३ ऑक्टोबरला मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचं उद्घाटन झालं. तिथे अक्षय कुमारने आपल्या मुलीची अशीच हकीकत सांगितली. खेळताना आधी गोड बोलणं, मग मुलगा की मुलगी ही विचारणा, मग नको त्या फोटोची मागणी. मुलीने सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला सायबरचा एक तास असावा, अशी मागणीही त्याने केली. मी जन्मभर शिकवलं, मला ती मनापासून पटते. पण त्या मुलीला त्या दिवशी उपयोगी पडली ती आई. चिऊने काल काय हिशेब मांडला असेल, बघ: आईला सांगितलं की ओरडा बसतो आणि फोन जातो. पुढच्या वेळी ती गप्प राहील. आणि मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याला हवं असतं ते हेच. "घरी सांगितलंस तर तुलाच बोलणी बसतील," हे त्याचं ठरलेलं वाक्य असतं. ते आपण खरं करायचं नाही.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते तेही ऐक. नोकरीची शेवटची वर्षं होती. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ थांबली. तिचे फोटो वापरून कुणीतरी तिच्या नावाने खोटं खातं उघडलं होतं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "फोटो टाकलेस कशाला?" ती म्हणाली, "काही नाही बाई," आणि गेली. वर्षभर ती त्या माणसाच्या धमक्या एकटीने सोसत होती, हे मला फार उशिरा कळलं. तो प्रश्न मी आजवर विसरलेले नाही.

तुला आठवतं, शाळेसाठी तुम्हा मुलांना रोज रुळांपलीकडे जावं लागायचं? तुझ्या आईने शाळा बंद केली नाही. महिनाभर बोट धरून पुलावरून नेलं आणि मगच एकटं सोडलं. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. तेव्हापासून रुळांची भीती आणि पुलाची सवय घराघरांत आजीकडून नातवंडांकडे येत राहिली. फोनचं तसं झालेलं नाही. कुठल्याच आजीकडे ते शहाणपण नव्हतं. ते आपल्यालाच उभं करायचं आहे, आणि तेही बोट धरूनच. १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येणार नाही. आपल्याकडे उद्या असा कायदा आला तरी मुलांशी बोलणं काही सुटणार नाही.

आता कामाचं. त्या माणसाशी झालेलं बोलणं पुसू नकोस. त्याच्या खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, मग त्याला ब्लॉक कर. कुणी धमकावून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. मुलाचा अश्लील फोटो फिरत असेल तर "बघा काय चाललंय" म्हणून तो पालकांच्या ग्रुपवरही टाकायचा नाही. पुढे पाठवणं हा गुन्हा आहेच, आणि तो फोटो जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ ला बजावलं आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे, पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०.

पोलिसांना घाबरू नकोस. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नसावा लागतो आणि मुलाचं नाव छापता येत नाही. तुझ्या ओळखीच्या शिक्षकांनाही हे सांग: अशा गुन्ह्याची माहिती असून कळवलं नाही तर तोही गुन्हा आहे. "शाळेचं नाव जाईल" हे कारण तिथे चालत नाही.

आणखी एक. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांचे आणि मोठ्यांचेही. मला त्यातलं हे "मोठ्यांचेही" फार मोलाचं वाटतं. डोंबिवलीची गच्च भरलेली लोकल पकडून तू थकून येतेस, ते मला दिसतं. तरी जेवणाच्या वेळी तुम्हा दोघांचे फोन खाली असू देत. आईबाबांची नजर मोकळी दिसली, की मुलं मनातलं बोलतात.

आज कपाट उघड. फोनचे नियम चिऊला शेजारी बसवून ठरव: खेळायचं कोणाशी, किती वेळ, कुठल्या खोलीत. पण त्याआधी तिला जवळ घे आणि म्हण, "सांगितलंस ते बरं केलंस." हे वाक्य मी त्या आठवीतल्या मुलीला द्यायला हवं होतं. ती आज कुठे आहे, मला माहीत नाही. चिऊ तुझ्यासमोर आहे.

तुझी,
मावशी