संकासुराची भाषा

तुळशीचें लग्न लागलें, कीं आमच्या मालवणाकडील देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्रीं दशावतार होतो. पूर्वरंगांत गणपति येतो, शारदा येते, ब्रह्मदेव वेद घेऊन बसतो. ते वेद पळविण्यास काळ्या वेषांतला संकासुर येतो. तो प्रेक्षकांशीं जी थट्टामस्करी करतो ती मालवणींत. पुढें आख्यान सुरू झालें म्हणजे राजे, राण्या आणि ऋषि संस्कृतप्रचुर मराठी बोलूं लागतात, आणि तीही पाठ केलेली नव्हे. उभ्या उभ्या रचलेली. ती बोलणारा पुष्कळदां दिवसा शेतांत राबणारा गृहस्थ असतो. आमच्या शिकलेल्या मंडळींना याचें मोठें नवल वाटतें. त्या नवलांत थोडा उद्दामपणा आहे असें मला वाटतें, पण तें असो.

मला सांगावयाचें आहे तें निराळेंच. देवांची भाषा एक, आणि दैत्याची व विदूषकाची दुसरी, अशी वांटणी त्या मांडवांत फार पूर्वीपासून झालेली आहे. आणि दुसरी जी, ती आमची रोजची.

आमच्या घरांतही हीच वांटणी होती. गड्यांशीं, नारळ पाडावयास येणाऱ्याशीं, शेजारच्या मुलांशीं आम्ही मालवणी बोलत असूं. एकदां मी “आये, माका भूक लागली” असें ओरडत माजघरांत शिरलें, तों आईनें शांतपणें सांगितलें, “ती भाषा पडवींत ठेवून ये.” चिखलाचे पाय धुऊन यावे तशी आम्ही भावंडें जीभ धुऊन आंत येत असूं. आईच्या मनांत दुष्टावा नव्हता. मुलांना पुण्यामुंबईस जावयाचें आहे, तेथें कोणी हंसूं नये, एवढीच तिची काळजी. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत पोट भरणारा कोंकणी चाकरमानी तरी दुसरें काय करीत होता? चारचौघांत तो बोली गिळीत असे, आणि गांवचा माणूस भेटला कीं तीच बोली भडाभडा बाहेर पडे.

१९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलें आणि ही घडी विस्कटली. (सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ सालीं, म्हणजे बोलीला रंगमंच आधीं मिळाला, जिल्हा मागाहून.) खेड्यांतली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक बसवितात आणि गोंधळावर गोंधळ होत जातो, एवढेंच कथानक. मच्छिंद्र कांबळी यांनीं त्यांतला तात्या सरपंच असा उभा केला कीं, २००७ सालीं ते निवर्तल्यावरही लोकांना तो त्यांच्याच आवाजांत ऐकूं येतो. कौरवपांडवांच्या तोंडीं मालवणी आली. म्हणजे जें आजवर संकासुराचें, तें आतां दरबारांत आलें.

पण पुढची हकीकत विचार करण्यासारखी आहे. आरंभीं या नाटकाला प्रेक्षक मिळेनात. पु. ल. देशपांडे यांनीं मुक्तकंठानें वाखाणलें तेव्हां त्याचें नशीब पालटलें, आणि प्रयोगांची संख्या पुढें पांच हजारांवर गेली. पु. लं.ची रसिकता थोर, यांत शंका नाहीं. तरी आपल्याच बोलीला आपल्याच माणसांपुढें उभें राहावयास प्रमाण मराठीच्या एवढ्या मोठ्या लेखकाची शिफारस लागावी, हें मला आजही थोडें सलतें.

दुसरें एक शल्य त्याहून खोल आहे. मालवणी म्हणजे हंसविणारी भाषा, असा समज नाटकाच्या यशानें पक्का केला. पुढें जी मालवणी नाटकें गाजलीं तींही बहुतेक विनोदाचींच. कुडाळांत राहिलेले चिं. त्र्यं. खानोलकर केवढे प्रतिभावान! पण त्यांच्या ‘एक शून्य बाजीराव’ची भाषा मालवणी नाहीं. गंभीर म्हटलें कीं आपण पुन्हां माजघरांत जातों.

बेल्जमच्या उत्तर भागांत, फ्लँडर्समध्यें, डच भाषा बोलतात; परंतु तिचा तेथील सूर हॉलंडच्या डचहून निराळा आहे, आणि रंगभूमीवर शुद्ध डच कोणती हा वाद तेथेंही जुना आहे. टॉम लान्वा या फ्लेमिश नाटककारानें २००१ सालीं ‘मामा मेडेआ’ लिहिलें. त्यांत मेडेआच्या देशाचीं माणसें छंदोबद्ध बोलतात, आणि तिला घेऊन जाणारे ग्रीक रोजच्या गद्यांत. भाषा एकच, पण घरची कोण आणि परका कोण हें कानालाच कळतें. येथें भाषेचा भेद हंसविण्यासाठीं योजलेला नाहीं. शोकांतिकाच त्यावर उभी आहे.

मालवणींत हें बळ नाहीं काय? माझे वडील वारले तेव्हां आईनें नातलगांस पत्रें लिहिलीं तीं नेहमींच्या व्याकरणशुद्ध मराठींत. त्यांत “ईश्वरेच्छा बलीयसी” होतें. पण शेजारची कुळवाडीण भेटावयास आली आणि पायरीवर बसली, तेव्हां आई उठून पडवींत गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, “गेले गो बाय! येक सबद पन बोलाक नाय.” आम्हांस जन्मभर बाहेर ठेवावयास लावलेली भाषा तिच्या तोंडून त्या दिवशीं इतकी सहज आली कीं, आम्ही भावंडें एकमेकांकडे पाहातच राहिलों.

२०१६ सालीं ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेनें त्या भाषेंत लोकांना भिवविलें. २०२५ सालच्या ‘दशावतार’ या चित्रपटांत दिलीप प्रभावळकरांनीं एक वृद्ध दशावतारी रंगविला, आणि त्याच्या मालवणीला हंसावें असें कोणास वाटलें नसावें. हीं दोन्ही पडद्यावरचीं उदाहरणें. रंगभूमीवर मालवणी बोलणारी तारामती, श्मशानांत रोहिदासाला मांडीवर घेऊन बसलेली, मीं अजून पाहिलेली नाहीं. कोणी ती लिहिली, तर प्रयोगाला पहिल्या रांगेंत बसावयाचें, असें मीं माझ्या बहिणीस सांगून ठेविलें आहे. ती म्हणते, “तू रडशील आणि शेजारचे हंसतील.” हंसोत बापडे, पहिल्या दहा मिनिटांनंतर हंसतात का, तें पाहूं.